भट्टीविना वेल्डिंग : ओतीव पोलादाच्या दुरुस्तीचा आढावा

वळवण, लोणावळा आणि शिरोता या मावळातल्या तलावांचे पाणी गेली शंभराहून अधिक वर्षे घाट उतरून खोपोलीला जाते आहे. १९११ मध्ये वळवणला पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९२२ मध्ये ठोकळवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचे केंद्र उभे राहिले. या विजेपायी मावळ-मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, आणि त्यातूनच १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला. त्या बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि अजूनही लिहायला हवे. इथे मात्र त्याच पाण्याच्या खालच्या टोकाकडे बघायचे आहे. ते ज्या चाकावर आदळते, त्या चाकाच्या धातूकडे.

पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून आलेले पाणी नोझलमधून बाहेर पडते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे शंभर मीटर, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटर असतो. पेल्टन चक्राच्या परिघावर जोडवाट्या असतात आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये पाणी दुभंगणारी धार असते. चक्र मिनिटाला ५०० फेरे घेते आणि त्याला दोन नोझल आहेत असे धरले, तर एकेका वाटीला मिनिटाला हजार तडाखे बसतात. तासाला साठ हजार, आठवड्याला सुमारे एक कोटी. अशी चक्रे ओतीव पोलादाची असतात आणि जगात कुठेही गेले तरी त्यांची दोन दुखणी ठरलेली असतात. वाटीच्या आतल्या अंगाला झीज होऊन खड्डे पडतात आणि वाटीच्या मुळाशी तडे जातात. हिमालयातल्या नद्यांच्या गाळाने होणारी भयंकर झीज सह्याद्रीच्या तलावांच्या पाण्याने होत नाही, पण तडाख्यांची संख्या इथेही तेवढीच.

खड्डा भरायचा, तडा काढून जागा भरायची, म्हणजे वेल्डिंग आले. आणि पुस्तकाप्रमाणे वेल्डिंगनंतर तो भाग भट्टीत घालून, साध्या कार्बन पोलादाचा असेल तर सुमारे ६०० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत हळूहळू तापवून, जाडीच्या दर २५ मिलिमीटरला साधारण एक तास या हिशेबाने तिथे ठेवून, तितक्याच सावकाश थंड करणे आले. शॉपमध्ये याला ‘एसआर’ म्हणतात. मोठ्या भट्ट्या आहेत भोसरी-चाकण पट्ट्यात. चक्र आहे घाटाखाली शाफ्टवर बसलेले. एखाद्या कारखान्यात मशीनिंग होऊन पाइपात जखडलेली व्हॉल्व्ह बॉडी असते, ती सहाशे अंशांवर नेली तर तिचे फेस वाकडे होतात. साखर कारखान्याच्या मिलचा हेडस्टॉक असतो, तो हलवायचा तर अख्खी मिल मोकळी करावी लागते. अशा वेळी प्रत्येक इंजिनिअरच्या तोंडी एकच प्रश्न येतो : भट्टीशिवाय भागेल का?

या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे सरसकट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. भट्टी एक काम करत नाही, ती तीन वेगवेगळी कामे एका फेरीत उरकते. वेल्डच्या कडेला कडक आणि ठिसूळ झालेला मूळ धातूचा पट्टा ती मऊ करते. धातूत शिरलेला हायड्रोजन ती बाहेर काढते. आणि थंड होताना वेल्ड आकसल्यामुळे आत कोंडलेला ताण ती सैल करते. भट्टी टाळायची असेल तर या तिन्ही कामांचे काय, ते एकेक करून सांगता आले पाहिजे. पहिल्या कामाला आज चांगला पर्याय आहे. दुसऱ्याला त्याहून सोपा आहे. तिसऱ्याला जागेवर करता येईल असा पुरा पर्याय नाही. भट्टीविना दुरुस्तीची बाजू घेणारे आणि तिला विरोध करणारे यांच्यातला बराचसा वाद ही तीन कामे एकत्र कालवल्यामुळे झालेला आहे.

हायड्रोजनपासून सुरुवात करू, कारण लोणावळ्यात तोच पहिला शत्रू आहे. रॉडच्या आवरणातला ओलावा आर्कमध्ये फुटतो आणि सुटलेला हायड्रोजन वितळलेल्या धातूत विरघळतो. वेल्ड गार झाल्यावर तो कडक पट्ट्यात गोळा होतो आणि काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, तिथे तडा पाडतो. वेल्डरने काम संपवून तपासणी करून घेतली, सही झाली, आणि तडा त्यानंतर उमलला, असे होऊ शकते. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जुलैत तिथे भिंतीही घामेजलेल्या असतात, तर उघड्या पुड्यातल्या ७०१८ या कमी हायड्रोजनच्या रॉडची काय कथा. म्हणून रॉड ३०० ते ३५० अंशांवर तासभर-दोन तास भाजणे, मग सव्वाशे अंशांच्या आसपास होल्डिंग ओव्हनमध्ये ठेवणे आणि वेल्डरच्या बाजूला छोटा पोर्टेबल ओव्हन देऊन त्यातून एकेक रॉड काढणे, हे घाटमाथ्यावर सोपस्कार म्हणून करायचे काम नाही. खोक्यावर हायड्रोजनचा वर्ग लिहिलेला असतो. एच-४ म्हणजे शंभर ग्रॅम वेल्ड धातूत चार मिलिलिटरपेक्षा जास्त नाही. तो वर्ग खोके फोडेपर्यंतचा आहे, पावसात उघडे ठेवल्यानंतरचा नव्हे.

दुसरी बाजू प्रीहीटची. जाड कास्टिंग वेल्डची उष्णता शोषून घेते आणि वेल्ड भराभर थंड होतो. जितका भराभर, तितका पट्टा कडक आणि हायड्रोजनला बाहेर पडायला वेळ तितका कमी. म्हणून आधी कास्टिंग तापवायचे. इथे एक चूक सर्रास दिसते. बर्नर फिरवला, वरचा थर तापला, थर्मल चॉक वितळला की वेल्डिंग सुरू. पण पाऊणशे मिलिमीटर जाडीच्या गाभ्यात उष्णता झिरपायला वेळ लागतो आणि बर्नर बाजूला केला की पृष्ठभाग पुन्हा झरझर उतरतो. तपमान बर्नरच्या बाजूला न मोजता, जमेल तिथे पलीकडच्या बाजूला मोजावे. वेल्डिंग संपल्यावर उष्णता तोडू नये. २०० ते २६० अंशांवर चारेक तास धरून ठेवले तर हायड्रोजन बराचसा निघून जातो. याला भट्टी लागत नाही, सिरॅमिक पॅडचे हीटर, ब्लँकेट आणि रात्री जागणारा एक जबाबदार माणूस पुरतो. भट्टीचे दुसरे काम झाले.

किती प्रीहीट, हे धातूच्या रसायनावर ठरते आणि ओतीव पोलादाबाबत नेमके इथेच गाडे अडते. प्लेटची चाचणीपत्रे मिळतात, चाळीस वर्षे जुन्या कास्टिंगची मिळत नाहीत. व्हॉल्व्हसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूसीबी या प्रतीत कार्बन ०.३० टक्क्यांपर्यंत आणि मँगनीज एक टक्क्यापर्यंत चालते. मँगनीजला सहाने भागून कार्बनमध्ये मिळवले तर कार्बन-तुल्यांक ०.४७ येतो, उरलेली मूलद्रव्ये अजून धरलेलीच नाहीत. म्हणजे ‘साधे कार्बन स्टील आहे, काही होत नाही’ असे ज्याला म्हटले जाते तेही निरुपद्रवी नसते. आपल्या आयएस १०३० मध्ये कार्बन पोलादाच्या ओतीवांच्या ‘डब्ल्यू’ लावलेल्या वेगळ्या प्रती आहेत, त्या वेल्डिंग डोळ्यांपुढे ठेवूनच. कास्टिंगच्या अंगावरची खूण वाचता येत नसेल तर थोडा किस काढून त्याचे रासायनिक पृथक्करण करून घ्यावे. दुरुस्तीच्या एकूण खर्चात तो खर्च नगण्य आहे आणि तरीही सर्वांत जास्त वेळा टाळला जातो तो हाच.

आता पहिले काम, कडक पट्टा मऊ करण्याचे. यावरच या विषयातली खरी बुद्धी खर्च झाली आहे.

वेल्डच्या शेजारी मूळ धातू वितळत नाही पण वितळण्याच्या बेतात येतो. तिथले कण मोठे होतात आणि थंड होताना तिथे मार्टेन्साइट ही कडक घडण तयार होते. त्यावर दुसरा थर चढवला की त्याची उष्णता खालच्या पट्ट्यापर्यंत पोहोचते. ती नेमकी मोजून पोहोचवली तर मोठे कण मोडून बारीक होतात आणि कडकपणाही उतरतो. म्हणजे वरचा थर खालच्या थराची भट्टी होतो. याला टेम्पर बीड पद्धत म्हणतात. अणुभट्टीच्या जाडजूड पात्रांना दुसऱ्या भट्टीत घालणे शक्यच नव्हते, त्यामुळे अमेरिकेत अणुऊर्जेच्या क्षेत्राने ती आधी नियमांत आणली. तिथली सुरुवातीची रीत ‘हाफ बीड’ या नावाची. पहिला थर बारीक रॉडने द्यायचा, त्याची निम्मी जाडी ग्राइंडरने उतरवायची, मग जाड रॉडने दुसरा थर द्यायचा. ब्रिटनमध्ये विद्युत मंडळाच्या मार्चवूड प्रयोगशाळेत पी. जे. आल्बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या काळात वेगळा रस्ता काढला. ग्राइंडरने निम्मा थर उतरवणे हे माणसाच्या अंदाजावर अवलंबून राहते. त्याऐवजी पहिल्या आणि दुसऱ्या थराच्या उष्णतेचे प्रमाणच असे बांधायचे की दुसऱ्याची झळ नेमकी पहिल्याच्या मोठ्या कणांपर्यंत जाईल. क्रोम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमच्या वाफेच्या ओतीवांत तर त्यांना कण बारीक करण्याचे आणखी एक कारण होते : या जातीचे पोलाद भट्टीत तापवतानाच मोठ्या कणांच्या सीमांवर तडकू शकते. ज्याने बरे करायचे तेच आजार आणते, म्हणून भट्टीकडे नेण्याआधी कण बारीक करणे भाग होते.

आपल्या शॉपमध्ये हे कसे दिसते? खळगा गाउजिंगने किंवा ग्राइंडरने उघडायचा. गाउजिंग केले असेल तर कार्बनने माखलेला वरचा थर घासून काढायचा. डाय पेनेट्रंट (डीपी) टेस्ट करून तडा मुळापर्यंत निघाला याची खात्री करायची. मग खळग्याचा तळ आणि भिंती २.५ मिलिमीटरच्या रॉडने लिंपून घ्यायच्या, प्रत्येक बीड शेजारच्या बीडवर निम्मी चढलेली. दुसरा थर ३.१५ च्या रॉडने, त्यानंतर ४ च्या. काठापाशी शेवटचा थर वेल्डवरच द्यायचा. मूळ धातूला स्पर्श होऊ द्यायचा नाही, पण इतक्या जवळ आणायचा की काठाखालचा पट्टा तापेल. आणि मग तो उंचवटा घासून सपाट करायचा. ही शेवटची बीड मूळ धातूला लागली तर तिथे नवा कडक पट्टा तयार होतो आणि त्याला मऊ करायला वर कोणी उरत नाही.

यात वेल्डरच्या हातावर किती भार आहे ते पाहा. अँपिअर मीटरवर दिसतात, पण उष्णता ठरते ती हाताच्या वेगावरही. त्यासाठी सर्वांत उपयुक्त मोजमाप अगदी साधे आहे : एका रॉडमध्ये किती लांबीची बीड निघाली. पट्टी घेऊन ती मोजायची, लिहायची, आणि ठरवलेल्या मर्यादेत नसेल तर थांबायचे. टर्बाइनच्या खड्ड्यात आडवे पडून, डोक्यावरचे वेल्डिंग करणाऱ्या माणसाकडून आपण प्रयोगशाळेतली शिस्त मागत असतो. म्हणून त्याच जाडीच्या, तशाच कोनात बांधलेल्या तुकड्यावर त्याला आधी करू द्यावे. तो तुकडा कापून दहा किलो भाराने विकर्स कडकपणा पट्ट्यातून ओळीने मोजावा. साधारण ३५० च्या वर आकडे राहिले तर पद्धत बसलेली नाही. हा सराव हा त्या माणसाचा हक्क आहे. त्याच्यावर उपकार केल्यासारखे तो देऊ नये.

संहिता काय म्हणतात? अमेरिकेच्या एएसएमई संहितेचा आठवा विभाग दाबपात्रांसाठी आहे, पण त्यातले एक कलम या प्रश्नावरची सर्वांत स्पष्ट परवानगी आहे, म्हणून कास्टिंगवालेही त्याकडे पाहतात. एकदा भट्टीतून काढलेल्या पात्राची पुन्हा दुरुस्ती करायची असेल तर साध्या कार्बन पोलादात एकूण ३८ मिलिमीटर खोलीपर्यंत भट्टीशिवाय चालते. किंचित मिश्रधातूंच्या पोलादात ही मर्यादा १६ मिलिमीटरवर येते आणि सोबत अटींची माळ येते : कमी हायड्रोजनचेच रॉड, किमान १७५ अंश प्रीहीट, थरांमधले तपमान २३० च्या आत, निम्मा थर उतरवण्याची रीत आणि शेवटी २०० ते २६० अंशांवर चार तास. त्यातल्या काही पोलादांसाठी तर काम गार झाल्यावर ४८ तास थांबूनच तपासणी. सर्वांत महत्त्वाची ओळ मात्र नकाराची आहे. जिथे आतल्या द्रव्यामुळे भट्टी सक्तीची झालेली आहे, तिथे ही सवलत नाही. आम्लधर्मी सल्फाइडयुक्त तेल-वायूच्या ठिकाणी २२ रॉकवेलच्या वर कडकपणा चालत नाही. कॉस्टिकच्या टाकीत कोंडलेला ताणच तडे पाडतो. तिथे टेम्पर बीड कितीही सुबक केली तरी उपयोग नाही. वाफेच्या बाबतीत आपल्याकडे १९५० ची भारतीय बाष्पक विनियमावली लागू आहे, त्यामुळे बॉयलरच्या ओतीव भागाला हात लावण्याआधी निरीक्षकाची संमती लागते आणि लागावीच. नऊ टक्के क्रोमियमच्या, शॉपमध्ये ‘नाइन्टी वन’ म्हणतात त्या जातीच्या कास्टिंगला भट्टी चुकवण्याचा विचार सामान्य परिस्थितीत करूच नये.

कार्बन पोलादापासून आता पुन्हा पेल्टनकडे येऊ, कारण तिथे धातूच वेगळा आहे. आजची चक्रे बहुतेक १३ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के निकेलच्या, ०.०६ टक्क्याहून कमी कार्बनच्या ओतीव स्टेनलेस पोलादाची असतात. हा धातू जसाच्या तसा वेल्ड केला तर मार्टेन्साइटच होतो, पण कार्बन कमी असल्यामुळे तो साध्या १३ टक्के क्रोमियमच्या धातूइतका ठिसूळ होत नाही. शंभर-दीडशे अंशांचे प्रीहीट पुरते. ६०० अंशांच्या आसपासच्या भट्टीत त्यात थोडी ऑस्टेनाइट ही मऊ घडण परत तयार होते आणि धातूला चिवटपणा येतो. भट्टी नसली तर तो चिवटपणा कमी पडतो आणि कडकपणा चढा राहतो. मग फिल्ड दुरुस्तीत दोन पंथ दिसतात. एक त्याच जातीचा रॉड घेऊन टेम्पर बीड करतो. दुसरा ३०९ एल सारखा ऑस्टेनाइटी स्टेनलेस रॉड घेतो, जो मऊ असतो, तडकत नाही, पण मूळ धातूइतका मजबूत नसतो आणि पाण्याच्या मारापुढे लवकर झिजतो. माझे मत विचाराल तर वाटीच्या आतले खड्डे भरायला, जिथे ताण कमी असतो, तिथे पहिला पंथ बरा. तिथे दुसरा पत्करायचा तर पुढच्या शटडाउनला पुन्हा तेच काम करायची तयारी ठेवून.

वाटीच्या मुळाशी मात्र दोन्ही पंथ थांबले पाहिजेत. इथे भट्टीचे तिसरे काम आडवे येते. वेल्ड आकसताना कोंडलेला ताण धातूच्या तन्यबिंदूच्या आसपास जातो. एकदाच भार पेलायचा असेल तर तो ताण थोडा वाकून, थोडा पसरून जिरतो. आठवड्याला कोटी तडाखे बसणाऱ्या जागी तो प्रत्येक तडाख्याच्या ताणात मिसळतो आणि तड्याला रोज थोडा थोडा पुढे ढकलतो. थरांवर हातोडीने ठोकणे, म्हणजे पीनिंग, काहीसा दिलासा देते. पहिला आणि शेवटचा थर सोडून बाकीच्यांवर ते करतात. पण कुणी त्याला भट्टीची बरोबरी म्हणत असेल तर ते खोटे आहे. टेम्पर बीडही पट्टा सुधारते, ताण सोडवत नाही. म्हणून मुळाशी तडा उथळ असेल तर सर्वांत उत्तम दुरुस्ती वेल्डिंगविना होते. तडा पूर्ण घासून काढायचा, जागा गुळगुळीत वळणात उतरवायची, उरलेली जाडी पुरते का ते हिशेबाने पाहायचे आणि भरायचे नाही. खळगा दिसला की भरण्याची ओढ फार असते. पण मोकळा, गुळगुळीत खळगा अनेकदा भरलेल्यापेक्षा जास्त टिकतो. खोल तडा असेल तर चक्र उतरवावे आणि भट्टी असलेल्या कारखान्यात पाठवावे. तो शटडाउन कितीही महाग वाटो, वाटी तुटून उडाली तर होणारे नुकसान त्याहून मोठे असते.

हीच गोष्ट घाटातल्या रेल्वेत वेगळ्या रूपात दिसते. कर्जतहून लोणावळ्याकडे चढताना ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे, म्हणून मालगाडीला मागून बँकर इंजिने लावतात. वाघिणींची बोगी ओतीव पोलादाची, कपलरही ओतीव पोलादाचे. घाटात त्या सगळ्यावर ओढ आणि ढकल दोन्हींचा भार येतो. कपलरमधली नकल, म्हणजे पकडणारा जबडा, ही भार वाढला तर आधी तुटावी आणि बाकीचे वाचावे अशीच रचलेली असते. ती तुटली तर बदलायची असते. बोगीवर घासून झिजलेल्या जागी दुरुस्ती मान्य होऊ शकते, पण मुख्य ताणाच्या जागी तडा दिसला तर तो भाग बाद करणे हाच शहाणपणा. वेल्डिंग येते म्हणून करायचे, हा मोह इथे टाळावा लागतो.

‘मेंटेनन्स रॉड’ म्हणून जे महागडे रॉड विकले जातात, २९ टक्के क्रोमियम-९ टक्के निकेलचे किंवा बव्हंशी निकेलचे, त्यांच्याबद्दल थोडे. ते फसवे नाहीत. त्यांच्यात हायड्रोजन जास्त विरघळतो आणि सावकाश सरकतो, त्यामुळे तो कडक पट्ट्यात जात नाही. पोलादाचा प्रकार ठाऊक नसताना ते तारतात. पण स्टेनलेस रॉड उष्णतेने पोलादापेक्षा साधारण दीडपट प्रसरण पावतो, म्हणून रोज गरम-थंड होणाऱ्या वाफेच्या भागात त्याची सीमाच एक दिवस सुटते. निकेलचे प्रसरण पोलादाच्या जवळ असते आणि टर्बाइनच्या ओतीव आवरणांची भट्टीविना दुरुस्ती जगभर झाली आहे ती बरीचशी निकेलच्या रॉडनेच. शिवाय कोणताही वेगळ्या जातीचा रॉड टाकला की पुढे कधी भट्टीत घालण्याचा किंवा अल्ट्रासॉनिक तपासणीचा मार्ग अवघड होतो. पुढच्या माणसासाठी ते लिहून ठेवले नाही तर तो त्यावर ७०१८ चालवेल.

आणि एक धातू असा आहे की त्याला भट्टी हीच विष आहे. रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी शेफील्डमध्ये १८८२ मध्ये शोधलेले मँगनीज पोलाद, ज्यात बारा-तेरा टक्के मँगनीज आणि एक टक्क्याहून अधिक कार्बन असतो. रुळांच्या सांध्यातली सीएमएस क्रॉसिंग याचीच, आणि मावळात जागोजागी चालणाऱ्या खडी क्रशरच्या जॉ प्लेटही याच्याच. ओतल्यावर हे पोलाद हजार अंशांच्या वर तापवून पाण्यात बुडवतात, त्यामुळे कार्बन विरघळलेला राहतो आणि धातू चिवट होतो. नंतर तो तीनशे अंशांच्या वर रेंगाळला तरी कणांच्या सीमांवर कार्बाइड बसू लागतात आणि धातू काचेसारखा तडकतो. म्हणून प्रीहीट नाही, एसआर नाही. छोट्या छोट्या बीड, मध्ये थांबणे, पाण्याने गार करणे, लगेच ठोकणे. मार खाऊन कडक झालेला वरचा थर आधी घासून काढायचा. कार्बन पोलादावर आयुष्य घालवलेला चांगला वेल्डर इथे सवयीने बर्नर लावतो आणि कास्टिंग वाया जाते. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही : मँगनीज पोलादाला चुंबक जवळजवळ धरत नाही. क्रशरच्या शेजारीच उभ्या असलेल्या एक्स्कॅव्हेटरच्या बकेटचे ॲडॉप्टर मात्र कडक केलेल्या किंचित मिश्र पोलादाचे असतात, चुंबक त्यांना घट्ट धरतो आणि प्रीहीटशिवाय ते तडकतात. एकाच खाणीत, दहा फुटांच्या अंतरावर, दोन उलट नियम.

फाउंड्रीतल्या दुरुस्तीबद्दल मी थोडक्यात पण ठाम सांगतो. नवीन कास्टिंगमध्ये ब्लो होल, श्रिंकेज, वाळूचे खडे निघतात आणि ते वेल्ड करून भरणे ही लपवण्याची गोष्ट नाही. अमेरिकन मानकांत जाडीच्या २० टक्क्यांहून किंवा २५ मिलिमीटरहून, यातले जे कमी असेल त्याहून, खोल खळगा, ६५ चौरस सेंटिमीटरहून मोठा खळगा, किंवा पाण्याच्या दाबाच्या चाचणीत गळालेली जागा, ही मोठी दुरुस्ती मानतात. त्याहून लहान दुरुस्ती साध्या कार्बन पोलादात भट्टीविना राहिली तर चालू शकते. पण फाउंड्रीत भट्टी दारात असते. मशीनिंग झाल्यावर दोष सापडला, माल उद्या निघायचा आहे, म्हणून मोठी दुरुस्ती भट्टीविना करून पाठवणे याला तांत्रिक आधार नाही. टेम्पर बीड ही जिथे भट्टी पोहोचू शकत नाही त्या जागांसाठी निघालेली पद्धत आहे. डिलिव्हरीच्या तारखेसाठी ती निघालेली नाही.

शेवटी तपासणी. काम गार झाल्यावर किमान दोन दिवस थांबून चुंबकीय कणांची किंवा डीपी चाचणी करावी, कडेला कडकपणा मोजावा, आणि ताण न सोडवलेली प्रत्येक जागा कास्टिंगच्या चित्रावर खुणेने दाखवून फाइलला लावावी. पुढच्या शटडाउनला त्या जागा आधी बघायच्या.  

मावळात हा विषय आता मोठा होणार आहे. शिरोत्याला १,८०० आणि भिवपुरीला १,००० मेगावॉटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पांसाठी टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात २०२३ मध्ये सामंजस्य करार झाला. अशा केंद्रांतली यंत्रे विजेची मागणी चढली की टर्बाइन म्हणून फिरतात, ती उतरली की पंप म्हणून उलटी फिरतात, आणि दिवसातून अनेकदा थांबतात-सुटतात. त्यांची चक्रे सहसा त्याच १३-४ पोलादाची असतात आणि प्रत्येक सुरुवात-थांब्याचा ताण त्यांच्या पात्यांच्या मुळाशी येतो. ही यंत्रे डोंगराच्या पोटात बसवली गेली की भट्टीपर्यंत नेणे आजच्याहून अवघड होईल. म्हणून खरेदीच्या कागदांतच तीन गोष्टी मागून घ्याव्यात : चक्रावर कुठे वेल्डिंग चालेल आणि कुठे कधीच चालणार नाही याचा निर्मात्याने दिलेला नकाशा, यंत्रगृहात सिरॅमिक हीटर आणि त्यांचा वीजपुरवठा बसेल एवढी जागा, आणि चक्र ज्या ओतातून निघाले त्याच ओतातले, तशीच उष्णताप्रक्रिया झालेले नमुना-ठोकळे, वीस वर्षांनी येणाऱ्या वेल्डरने आधी त्यांच्यावर हात बसवावा म्हणून.